वाटीभर पेज, चाळीस मिनिटं आणि मिटलेलं तोंड: साडेनऊ महिन्यांच्या मुलीचं प्रकरण

मुलगी, वय ९ महिने १२ दिवस. घर पिंपरी-चिंचवडमध्ये, आई-बाबा दोघंही नोकरीला, दिवसभर बाळ आजीपाशी. तक्रार एका वाक्याची: "काही खातच नाही हो." हे नमुना प्रकरण आहे. ओपीडीत पुन्हा पुन्हा दिसणारे धागे एका बाळाभोवती गुंफले आहेत, तेव्हा यात कुणाचं घर शोधू नये.

"खात नाही" या दोन शब्दांत निदान तीन निराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. भूकच नाही, भूक आहे पण तोंडाला जमत नाही, जमतं पण भरवण्याचीच धास्ती बसली आहे. तिन्हींचे उपाय वेगळे. या मुलीच्या बाबतीत तिन्ही गोष्टी होत्या, आणि त्या कोणत्या क्रमाने सोडवायच्या यावरच सगळं अवलंबून होतं. आधी घड्याळ, मग मिक्सर, मग मांडी.

वजन आणि तपासणी

जन्म पूर्ण दिवसांचा, वजन २.९ किलो. सहा महिन्यांना ६.९ किलो होतं, आता ७.३. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मुलीचं मध्यम वजन सहा महिन्यांना ७.३ आणि नऊ महिन्यांना ८.२ किलो आहे. म्हणजे साधारण नऊशे ग्रॅम वाढायचे तिथे चारशेच वाढले. तिची रेघ मध्यापासून थोडी खाली चालली होती, ती आता एक पायरी खाली घसरली. धोक्याची रेघ या वयाला ६.५ किलोच्या आसपास येते, त्यामुळे घाबरण्याचं कारण नव्हतं. पण "आमच्याकडे सगळे बारीकच" म्हणून सोडून देण्यासारखंही नव्हतं.

बाळ आधाराशिवाय बसतं, दोन बोटांच्या चिमटीत कुरमुरा उचलतं, खालचे दोन दात आलेत. पाणी पिताना ठसका नाही, श्वासाचा घरघराट नाही, तोंडात पांढरे चट्टे नाहीत. शी तीन दिवसांतून एकदा, खड्यासारखी. हिमोग्लोबिन ९.४. हा आकडा घरच्यांना धक्का देऊन गेला, पण तो अपवाद नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली ६ ते ५९ महिन्यांची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. आईच्या पोटात साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतं, अंगावरच्या दुधात ते फार थोडं असतं, आणि लोह कमी पडलं की भूक मंदावते. न खाल्ल्याने लोह कमी, लोह कमी म्हणून खाणं नको. हे चक्र औषधाशिवाय नुसत्या पालकाच्या सूपाने तुटत नाही.

अशी मुलगी घरच्या घरी प्रयोग करत ठेवू नये, डॉक्टरांना दाखवावी, हे कधी म्हणायचं? पातळ पदार्थानेही दरवेळी ठसका लागत असेल, खाल्ल्यावर आवाज ओला येत असेल, छाती वारंवार भरत असेल, नऊ महिने होऊनही बसता येत नसेल, वजन सलग दोन महिने हललं नसेल, हिरवी उलटी किंवा शीमध्ये रक्त असेल, तर थांबू नये. इथे यातलं काही नव्हतं.

चोवीस तासांचा हिशोब

"काय खाते" असं विचारलं तर उत्तर येतं "काहीच नाही". म्हणून आदल्या दिवशी सकाळपासून काय काय पोटात गेलं ते वेळेसकट लिहून घेतलं.

पहाटे साडेपाचला अंगावरचं दूध. साडेसातला बाटली: म्हशीचं दूध निम्मं, पाणी निम्मं, एक चमचा साखर, एकूण १५० मिली. साडेनऊला नाचणीचं सत्त्व, वाटीभर, मिक्सरमधून फिरवून वर गाळलेलं. बाराला पुन्हा बाटली. एकला वरणाचं पाणी आणि मिक्सरमधला भात, चारपाच चमचे. अडीचला दुधात बुडवलेली दोन मारी बिस्किटं. चारला तिसरी बाटली. सहाला आई आली की साडेसातपर्यंत थोडं थोडं अंगावर. आठला वरणभाताचा प्रयत्न, तोंड मिटलेलं. रात्री चारपाच वेळा अंगावर.

आता आकडेमोड करू. तीन बाटल्यांत मिळून सव्वादोनशे मिली म्हशीचं दूध आणि तीन चमचे साखर, म्हणजे पावणेतीनशेच्या वर कॅलरी. बिस्किटांच्या पन्नासेक. अंगावर पिणाऱ्या ९ ते ११ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ३०० कॅलरी लागतात. ती सगळी जागा दूध, साखर आणि मैद्याने आधीच घेतली होती. दुसरी गोष्ट पोटाच्या मापाची. या वयात दर किलोमागे सुमारे ३० मिली धरतात, म्हणजे हिचं पोट सव्वादोनशे मिलीचं. बाराला १५० मिली बाटली आणि एकला वरणभात, असा बेत असेल तर बाळाने तोंड मिटणं हा हट्ट नव्हे, सरळ हिशोब आहे.

बाटल्या आल्या कुठून हेही बघायला हवं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, म्हणजे नेमकी वरचं अन्न सुरू करायची वेळ. आई कामावर रुजू होते त्याच आठवड्यात बाळाचं उष्टावण. (मुलीचं विषम महिन्यात करायचं म्हणून इथे सातव्यात झालं, ते योग्यच होतं.) नवं अन्न, नवं भरवणारं माणूस आणि आईची गैरहजेरी, तिन्ही एकदम. त्या घाईत बाटली शिरते, कारण ती दहा मिनिटांत संपते आणि संपलेली दिसते.

एक जेवण बघताना

कागदावरचा हिशोब निम्मंच सांगतो. नेहमीसारखं भरवा, असं आजींना सांगून साडेनऊची पेज पाहिली.

आजी पाय पसरून बसल्या. बाळ मांडीवर आडवं, डोकं डाव्या कोपराच्या खळगीत, एक हात आजींच्या काखेत दाबलेला, दुसरा त्यांनी मनगटाशी धरलेला. समोर मोबाइलवर गाणं. हातात बाळाला बारशाला आलेलं चांदीचं बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी. बाळ गाण्याकडे बघत आ वासून असताना बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्यात गेली आणि पेज ओतली गेली. बाळाने ती गालात धरली. आजींनी गाल चेपला. गिळली. पुढच्या वेळी बोंडलं नुसतं जवळ येताच मान वळली. सातव्या-आठव्या घोटाला ओकारी, निम्मी पेज फडक्यावर. "बघितलंत? असं रोज," आजी म्हणाल्या. चाळीस मिनिटं लागली. दृष्टही काढून झाली होती.

बोंडलं वाईट नाही. बाटलीपेक्षा धुवायला सोपं, आणि तान्ह्या बाळाला वाटीने किंवा बोंडल्याने दूध पाजणं केव्हाही बरं. पण ते ओतण्याचं साधन आहे. आडव्या बाळाच्या तोंडात दाट पेज ओतली की जीभ, ओठ, जबडा यांना काही कामच उरत नाही. खाणं म्हणजे ओठांनी घास घेणं, जिभेने तो हिरड्यांकडे सरकवणं, चिरडणं आणि मागे नेणं. हे सगळं तिने तीन महिन्यांत केलंच नव्हतं.

मग जे घडलं त्याची नोंद या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची. पेज संपवून आजींनी स्वतःचा नाश्ता घेतला, ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी. बाळ आता बसतं केलेलं, हात मोकळे. तिने पुढे झुकून भाकरीचा तुकडा ओढला, तोंडात घातला आणि मिनिटभर कडा चोखली. मग खालचा जबडा वरखाली हलायला लागला. चेहरा आक्रसला नाही, ओकारी नाही. आजींनी तुकडा काढून घेतला: "अगं, घशात जाईल!" काढून घेणं बरोबरच होतं, भाकरीची कडा ओली होऊन मोठा तुकडा सुटतो. पण प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. अन्नाचा तिटकारा नाही. तिटकारा मांडीवर आडवं होण्याचा आहे.

मिक्सरचं काय चुकतं

सहा महिन्यांच्या बाळाची ओकारीची जागा जिभेवर बरीच पुढे असते. गुठळ्या तोंडात फिरवण्याच्या सरावाने ती हळूहळू मागे सरकते. सराव मिळालाच नाही तर नवव्या महिन्यातही भाताचं एक शीत जिभेच्या मध्यावर आलं की उमाळा येतो. मग घरचे म्हणतात, बघा, घट्ट चालत नाही, आणि मिक्सर आणखी बारीक फिरतो. नऊ-दहा महिन्यांच्या पुढे गुठळ्या लांबवल्या तर मोठेपणी खाण्याच्या कुरबुरी जास्त दिसतात. म्हणजे ही मुलगी वेळेच्या काठावर आली होती.

गाळण्याने आणखी एक नुकसान होतं. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर ती उत्तम. पण सत्त्व वस्त्रगाळ केलं की कोंड्याबरोबर लोहाचा मोठा भाग चोथ्यात जातो. एका चमच्याभर सत्त्वाची आणि थोड्या गुळाची १५० मिली पेज पन्नासेक कॅलरींची होते. वरणाच्या पाण्यात तर तेवढ्याही नसतात. डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि बाळाला पिवळं पाणी मिळतं.

आखलेला क्रम

पहिले तीन दिवस फक्त घड्याळ बदललं. बाटल्या बंद. बिस्किटं बंद. गुटी मधातून दिली जात होती, तीही बंद. वर्षाच्या आत मध चालत नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाला बोटुलिझम होऊ शकतो. आईने निघताना पावणेआठला पाजायचं. कामावर दोनदा दूध काढायचं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान विश्रांती मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तो मागावा लागतो एवढंच. काढलेलं दूध झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये, चोवीस तासांत वापरायचं. दुपारी अडीचला ते शंभर-सव्वाशे मिली, छोट्या फुलपात्राने, बसवून. म्हशीचं दूध दह्यापुरतं. जेवण आणि त्याआधीचं दूध यांत दोन तास. जेवणं पावणेदहा, सव्वाबारा, पावणेआठ, आणि सव्वाचारला हातात धरायचं काहीतरी.

बसण्याची सोय फार महागाची नव्हती. घरात प्लास्टिकची खुर्ची होती, पण त्यात पाय लोंबत होते. पाय टेकलेले नसले की बाळ सगळी ताकद तोल सांभाळण्यात घालवतं. खाली पाट ठेवला, दोन्ही बगलांशी टॉवेलच्या गुंडाळ्या. खुर्ची नसती तरी चाललं असतं: आजी मांडी घालून, बाळ त्यांच्या पोटाला पाठ टेकून, तोंड बाहेर, समोर चौरंग, दोन्ही हात सुटे.

चौथ्या दिवसापासून पोत. मुगाची खिचडी अशी: तांदूळ २० ग्रॅम, मूगडाळ १५ ग्रॅम, लाल भोपळ्याच्या दोन फोडी, चिमूटभर हळद आणि जिरं, दीड वाटी पाणी, कुकरला पाच-सहा शिट्ट्या. उतरवल्यावर चमचाभर तूप. मीठ नाही. मिक्सर नाही, वाटीच्या बुडाने घोटायची. चमचा तिरपा केला तर ओघळू नये, गोळा धरून राहावी. हा गुरगुट्या भाताचा जुनाच निकष आहे. एवढ्यात सुमारे १७० कॅलरी असतात आणि दोन वेळांना पुरते. निम्म्या वाटीत साठेक कॅलरी, म्हणजे आधीच्या पूर्ण वाटी पेजेपेक्षा जास्त. लिंबाचे दोन थेंब वरून, लोह अंगी लागायला मदत होते.

पुढची पायरी दहाव्या दिवशी: घोटणं कमी, शितं दिसतील इतपत. इथे एक सापळा आहे. पातळ वरणात अख्खी शितं हा प्रकार बाळाला सगळ्यात अवघड जातो. वरण आपसूक घशाकडे धावतं, शितं जिभेवर राहतात. एकाच घासाला दोन वेगवेगळी कामं. सारखी मऊ गुठळी घट्ट असली तरी सोपी. म्हणून आधी घट्ट आणि एकसारखं, सरमिसळ नंतर.

सव्वाचारच्या वेळेला हातात: वाफवलेलं रताळं किंवा भोपळा, बोटाएवढा लांब, दोन बोटांत दाबून चिरडला जाईल इतका मऊ. मूगडाळीच्या धिरड्याच्या पट्ट्या. पिकलं केळं. पूर्ण शिजलेल्या अंड्याच्या आमलेटच्या पट्ट्याही. अंड्यातलं पांढरं वर्षानंतर, हा आजींचा नियम मोडायला दोन दिवस गेले. अंडं आणि शेंगदाण्याचं बारीक कूट पहिल्यांदा सकाळी, अर्धा चमचा, आणि दोन तास लक्ष. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं, कच्चं गाजर हे नाहीच.

भरवण्याचे नियम आजींनी भिंतीवर लावले होते ते जवळपास असे: मोबाइल दुसऱ्या खोलीत. एक चमचा बाळाच्या हातात, एक आपल्या. चमचा समोरून, ओठांपाशी थांबवायचा, तोंड ती उघडेल. वरच्या हिरडीला खरवडून चमचा रिकामा करायचा नाही, ओठ मिटायची वाट बघायची. मान वळली की एकदा पुन्हा विचारायचं, मग थांबायचं. पंचवीस मिनिटांत वाटी उचलायची, संपो न संपो.

ओकारी आणि घास अडकणं यातला फरक घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवला. ओकारीत चेहरा लाल, जीभ बाहेर, आवाज, खोकला. तेव्हा हात मागे ठेवून शांत बसायचं. अडकलं असेल तर आवाज बंद होतो, रडू फुटत नाही, ओठ निळसर. तेव्हा बाळ हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, आणि तेच पुन्हा, दुसऱ्याने १०८ लावायचा. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. हे वाचून जमत नाही, बाहुलीवर करून बघावं लागतं.

लोहाचे थेंब डॉक्टरांनी दर किलोमागे ३ मिलिग्रॅम धरून दिले, म्हणजे रोज साधारण २२ मिलिग्रॅम लोह.

काय काय बिघडलं

दुसऱ्या दिवशी बाळाने जेमतेम सहा चमचे खाल्ले आणि घरात दोन तट पडले. आजी: "उपाशी झोपवू का लेकराला?" इथे भावनेला उत्तर भावनेने देण्यात अर्थ नसतो, मोजायला काहीतरी द्यावं लागतं. चोवीस तासांत सहा लंगोट ओले होत आहेत ना? झाले. तिसऱ्या संध्याकाळी तरीही एक बाटली गेलीच, आणि पावणेआठचं जेवण त्याबरोबर गेलं. दोन्ही गोष्टी एकाच वहीत शेजारी लिहिल्यावर आजींनीच बाटली माळ्यावर टाकली.

सातव्या दिवशी बाबांनी प्रेमाने वरणभात कालवून दिला, पातळ. ओकारी, उलटी, आणि दोन दिवस मिक्सर परत. वर सांगितलेला सापळा हाच. नवव्या दिवशी पुन्हा घट्ट खिचडीवर आलो, गाडी रुळावर.

थेंब दुधात घालून दिले जात होते हे दुसऱ्या आठवड्यात कळलं. दुधाबरोबर लोह नीट शोषलं जात नाही. मग दोन जेवणांच्या मध्ये, लिंबाच्या थोड्या पाण्यातून. शी काळी झाल्यावर आलेला फोन अपेक्षितच होता. लोहाने ती काळी होते.

तिसऱ्या आठवड्यात सर्दी-ताप. चार दिवस खाणं जवळपास बंद, नुसतं अंगावर. त्या दिवसांत आग्रह केला असता तर कमावलेलं सगळं गेलं असतं. ताप उतरल्यावर आठवडाभर एक जेवण जास्त दिलं.

आणि पालेभाजी. पालकाची खिचडी अकरा वेळा पुढे आली, अकरा वेळा थुंकली. नव्या चवीला आठ-दहा, कधी पंधरा वेळा भेटावं लागतं, त्यामुळे घासभर तरी ताटात ठेवत राहायचं ठरलं.

आकडे

चार आठवड्यांनी वजन ७.६२ किलो, हिमोग्लोबिन १०.४. महिन्यात एकने वाढणं हा औषध लागू पडल्याचा पुरावा. थेंब आकडा जागेवर आल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवायचे. शी रोज, मऊ. जेवणाची वेळ अठरा-वीस मिनिटांवर. साडेअकरा महिन्यांना ८.१ किलो, म्हणजे रेघ जिथे घसरली होती तिथून थोडी वर आलेली, मध्याला अजून पोचलेली नाही.

एक गाठ राहिली. आजींच्या हातून मुलगी अर्धी-पाऊण वाटी खाते, आईच्या हातून तीन चमचे. आईचा वास आला की तिला पदराखाली जायचं असतं. म्हणून रविवारी बाबा भरवतात, आई त्या वेळी दुसऱ्या खोलीत थांबते आणि जेवण झाल्यावर पाजते. रात्री अजून दोनदा उठते. वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावलेला नाही. पालकाची मोजणी तेरावर आहे.